ब्रेकवर पाय ठेवून मोजायचं

"ब्रेकवर पाय ठेव, गिअर टाक, आनि मोज."

ऑटोमॅटिक गाडी घेऊन कोणीही आलं की गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या दादांचं पहिलं वाक्य हेच. स्वतः गाडीत बसायचे नाहीत. मालकालाच बसवायचे, खिडकीतून हात आत घालून त्याच्या हातावर आपला हात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. गिअर न्यूट्रलमधून ड्राइव्हला टाकला की गाडीला आतून हलकासा धक्का बसतो. तो किती वेळाने बसतो ते मालकाने मोठ्याने मोजायचं. एक म्हणायच्या आत बसला तर गाडी ठणठणीत. दोनला बसला की दादा डोळे उघडायचे. तीन ऐकलं की हात पुसायला फडकं शोधायचे. मालकालाच का मोजायला लावता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मी सांगितला तर भांडतो. सोताच्या तोंडान बोलला की गप बसतो."

सानपाड्यात त्यांच्या शेडला लागूनच माझं स्पेअर पार्टचं दुकान. अकरा वर्षं आमच्यात एकच भिंत होती. हे मोजणं मी त्यांच्याकडून शिकलो, आणि मोजून झाल्यावर जे बोलायला हवं होतं ते दोन वेळा बोलायचं टाळलं. तुम्हीही आपल्या जवळच्या माणसांना रोज बघत असाल, म्हणून सांगतो.

पहिली वेळ माझ्या मेव्हण्याच्या गाडीची. या गृहस्थाने चांगल्या चालत्या गाडीत मोठा टर्बो बसवून घेतला, कुणाकडून तरी लॅपटॉप लावून इंजिनाची ताकद वाढवून घेतली आणि वर मला ऐकवलं की आता ही उडते. चार महिन्यांत ती उडायच्या आधी अडखळायला लागली. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना कोणी मागून लाथ घालावी तसा झटका. दादांनी त्याला बसवून मोजायला लावलं. त्याने दोन म्हटलं, मग धक्का बसला. दादांनी तेल तपासायची पट्टी काढून गिअरबॉक्सचं तेल कागदावर टिपलं. तांबडं असायला हवं ते काळपट होतं आणि करपलेल्या डाळीसारखा वास मारत होतं.

"छाती वाढवलीस, गुडगे तेच हायेत," दादा त्याला म्हणाले. "चालवू नको. तेल तर बदलूच नको. उघडायचा असल तर उघडू."

मेव्हण्याला हे पटलं नाही. तेल खराब आहे तर तेल बदलू, एवढा साधा हिशोब त्याने केला आणि ते नवं तेल माझ्याच दुकानातून नेलं. मला माहीत होतं. गिअरबॉक्समधल्या क्लचच्या प्लेटा झिजल्या की जुन्या तेलातली काजळीच त्यांना थोडीफार पकड देते. नवं स्वच्छ तेल गेलं की तीही सुटते. दादांनी हे मला दहादा सांगितलेलं. पण बायकोचा भाऊ, त्याला कुठे शहाणपण शिकवा, म्हणून मी डबे काढून दिले.

पाचव्या दिवशी पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि गाडी मागे सरकली. मागून एपीएमसी मार्केटकडे निघालेला कांद्याचा ट्रक येत होता. मेव्हण्याने घाबरून ब्रेक दाबला, ट्रकवाल्यानेही दाबला. मागच्या सीटवर त्याची सहा वर्षांची मुलगी, माझी भाची होती. ट्रक तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबला, असं मेव्हण्याने सांगितलं.

गाडी टो होऊन दादांकडे आली. तेलाचा रंग बघून डबे कुठून आले ते त्यांना कळलंच असणार. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "गाडी आदी सांगते, शेट. आपन मागून ऐकतो."

तो गिअरबॉक्स उघडून काम चालू होतं त्याच दिवसांत मला दुसरी गोष्ट दिसायला लागली. भिंतीपलीकडून मी चहाला हाक मारायचो. पूर्वी ओ लगेच यायची. आता यायला वेळ लागायचा. कामात असतील, असं म्हणून मी सोडून दिलं. मग एकदा समोर उभा असताना विचारलं, प्लेटा कधी बसवणार? ते माझ्याकडेच बघत होते. मी नकळत मोजलं. दोन झाल्यावर उत्तर आलं. पाना उजव्या हातातून डाव्या हातात गेला होता, तेही मी पाहिलं. बरं वाटतं ना, असं विचारल्यावर म्हणाले, टेन्शन नको घेऊ. मला तर टेन्शन न घ्यायला निमित्तच हवं होतं.

त्यांची बायको मासळी विकायची. एक दिवस पाटी उतरवून ती माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिने सरळच विचारलं, "घरात हाक मारली त उशिरान बोलतान. हितं बरं हायेत ना?"

"कामाच्या नादात असतात, वहिनी," मी म्हणालो. ती हसली, निर्धास्त झाली आणि पाटी उचलून गेली. ते तिचं हसू मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवशी सकाळी मला तीन मोजावं लागलं होतं.

आठवड्याभराने गिअरबॉक्स बसवून झाला. मेव्हणा ऑफिसात होता म्हणून दादांनी मला गाडीत बसवलं. खिडकीतून हात आत घालून माझ्या हातावर ठेवला, डोळे मिटले. मी गिअर टाकला. एक म्हणायला तोंड उघडलं आणि धक्का बसलासुद्धा, लोण्यासारखा. मी खुशीत म्हणालो, दादा, लगेच घेतला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात जड होत गेला. मग तो खिडकीतून बाहेर ओढला गेला आणि दादा दाराला घासत खाली बसले.

इस्पितळात तपासलं तेव्हा त्यांच्या मेंदूत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, बरेच महिने वाढत असणार, बोलण्या-वागण्यात फरक कोणाच्याच लक्षात आला नाही का? वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता करण्यासारखं फार उरलं नाही, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. मी रोज दुपारी दुकान बंद करून जायचो. त्यांचा हात हातात घ्यायचो आणि गाड्यांचं काहीबाही सांगायचो. समजलं की ते माझी बोटं दाबायचे. पहिल्या दिवशी मी सहापर्यंत मोजलं. पुढच्या आठवड्यात अकरा. नंतर सतरा. भाची गाडीत मागे बसते, गाडी चढावर झोकात जाते, हे सांगितलं त्या दिवशी मात्र चारलाच दाबलं.

शेवटच्या दुपारी मी काय सांगितलं ते आठवत नाही. चाळीसच्या पुढे कधीतरी वहिनींनी माझ्या मुठीतून दादांचा हात हळूच सोडवून घेतला. तेव्हा मला कळलं की मी मोठ्याने मोजत होतो.