लग्न नव्यावर, पंगत जुन्यावर

वर्धा जिल्ह्यात आमच्या मिक्सिंगवाल्या भाऊंइतका हट्टी माणूस झाला नाही. आणि हे मी म्हणतो, ज्याने तिसरीतून शाळा सोडली आणि पुढे जन्मभर लग्नांचा स्वयंपाक करताना कोणाच्या सांगण्यावरून भाजीत चिमूटभर मीठ वाढवलं नाही. भाऊंचं दुकान पुलगावात. लग्नाच्या शूटिंगची कॅसेट कॉम्प्युटरवर कापून, जोडून, गाणी भरून द्यायची, याला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात. भाऊ ते चपला बाहेर काढून करायचे. मंगलाष्टकं लागली की खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि पडद्यावरच्या नवरा-नवरीवर खऱ्या अक्षता टाकायचे. त्यांच्या कीबोर्डात अडकलेल्या तांदळात एका माणसाचा भात सहज झाला असता. पाठवणीला रडायचे ते वेगळंच. नवरी कोणाची कोण, ठाऊक नसायचं.

दोन हजार सालानंतर कधीतरी मिक्सिंगच्या प्रोग्रामचं नवं रूप आलं. पडदा बदलला, बटणं बदलली. कॅसेट आत गेली की तिचे आपोआप तुकडे व्हायचे आणि काडीपेटीवरच्या चित्राएवढी चित्रं समोर यायची. हवं ते उचला, बाकीचं फेका. जिल्ह्यातल्या मिक्सिंगवाल्यांत दोन तट पडले. एका रविवारी सगळे भांडायला भाऊंच्या दुकानात जमले, आणि चहा फुकट म्हणून मीही. आर्वीचा म्हणाला, "चार दिवसाचं काम एका दिवसात होऊन राह्यलं, अजून काय पाह्यजे?" कारंज्याचा उसळला, "मले जुनी बटनं पाठ होती बे! आता बटन सापडेपर्यंत नवरीले लेकरू होते!"

भाऊंनी दोन्ही तटांना चहा पाजला आणि दोन्हींना नाराज केलं. नव्या कॉम्प्युटरशेजारी त्यांनी जुनाही मांडून ठेवला होता. लग्न नव्यावर, पंगत जुन्यावर! कारण नव्यावर जो तो पंगत आधी फेकायचा. साऱ्या सारख्याच दिसतात म्हणून. भाऊ म्हणाले, "सारख्या दिसते म्हनून एकच हाय का? पंगत पुरी पाहा लागते. जेवत्या मानसाले मधातून उठवतेत काय?"

मी तेव्हा हसलो होतो.

मग रोहणा गावातलं एक लग्न आलं. स्वयंपाक माझा, मिक्सिंग भाऊंचं. मानपानावरून रुसलेल्या नवरदेवाच्या काकांनी गावभर केलं, की शेवटच्या पंगतीला वडाभातातले वडेच संपले, बाया नुसत्या भातावर उठल्या. आचाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. ठरलेली दोन लग्नं माझ्या हातून गेली. मी सफाई द्यायला गेलो नाही. मी जात नसतो.

कॅसेट तयार झाल्यावर भाऊ मला ओढत नवरदेवाच्या घरी घेऊन गेले. "महाराज, गुमान चाला." सगळं घर टीव्हीपुढे. शेवटची पंगत पुरी अकरा मिनिटं, एक घास न कापलेली! बाया पानावर हात आडवे धरताहेत आणि वाढपी वरून वडे सोडताहेत. आणि पंगतीच्या टोकाला कोण? पहिल्याच पंगतीत जेवून उठलेले काका! नवरदेवाची आजी ओरडली, "काऊन रे, दुसऱ्यांदा बसला? वडे सरले असते तर तुह्याच पोटानं!" आधी काकांनाच हसू फुटलं. मग उठून माझ्याजवळ आले, "चुकलं माह्यं, महाराज. माह्या पोरीच्या लग्नाले तुमीच येजा."

भाऊंचे आभार मी मानले नाहीत. तो शब्द माझ्या तोंडात बसत नाही. नुसता डबा पोचवायला लागलो.

आता लोक हातात ताटं घेऊन उभ्याने जेवतात. भाऊंची नजर गेली, दुकानाला कुलूप लागलं. दर रविवारी मी वडाभात घेऊन जातो. भाऊ चाचपडत, सावकाश जेवतात. घरी माझी कामं खोळंबतात, पण त्यांचा शेवटचा घास होईपर्यंत मी उठत नाही. जन्मात ऐकलं ते एवढ्या एकाच माणसाचं.