नवलाईची कुंडी

उजवी पाकळी पडली. नम्रताने बायकांच्या बाजूला खांबाला टेकून ती पडताना पाहिली.

भाटकोंडला कुठलंही मोठं काम नवलाईला विचारल्याशिवाय होत नाही. लग्न असो, विहीर खणायची असो, पोराला मुंबईला पाठवायचं असो. देवीच्या काळ्या पाषाणावर उजवी-डावीकडे तगरीच्या ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न घालायचा आणि आधी कुठली पडते ते बघायचं. उजवी म्हणजे होय, डावी म्हणजे नाही. पाकळ्या लावतो गुरव, प्रश्न घालतो गावाचा मानकरी. आणि पाकळ्या भिजवायला पाणी लागतं ते देवीच्याच कुंडीतलं. गाभाऱ्याच्या मागे, दगडी झाकणाखाली, जिवंत झऱ्याची एवढीशी कुंडी आहे. तिथे गुरवाच्या घरच्यांशिवाय कोणी जात नाही.

आज प्रश्न आप्पा शितपांनी घातला होता. आवाज खणखणीत, हात जोडलेले. "आई नवलाई, गुरवाच्या नम्रतावयनीने सरपंचाचा जो अर्ज भरलान आहे, तो तिने मागे घ्यावा, गाव एक राहावा, असं तुझ्या मनात असेल तर उजवी दे."

आणि देवीने उजवी दिली.

"झालं!" आप्पा वळले. चेहऱ्यावर राग नाही, उलट माया. हेच नम्रताला जास्त भिववायचं. "वयनी, आता कोणाचं काय बोलणं नाय. तीन वाजेपर्यंत मुदत आहे. सदूची रिक्षा सांगून ठेवलीय. परशुरामाला घेऊन तहसीलला जा, सही करा, येताना गरम भजी खाऊन या. माझ्या खात्यावर."

लोक हसले. नम्रताचा नवरा परशुराम गुरव हसला नाही. तो पाषाणाकडे तोंड करून उगाचच पाकळ्या गोळा करत राहिला.

नम्रता घरी आली ती जवळजवळ धावतच. देऊळ आणि घर यांत एक दगडी गडगा आणि चार फणस, पण आज ते अंतर संपेना. तिला पाठीवर कोणाची तरी नजर जाणवत होती, आणि ती माणसाची नव्हती.

सासू, सोनूबाई, पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. बातमी तिच्याआधीच पोचली होती. "सांगत होतंय मी तुला. गुरवाच्या सुनेने देवीच्या पुढे उभं राहायचं ते झाडू घेऊन. निवडणुकीला नाय."

"आत्या, पाणी प्यायला तरी देता की नाय?"

"पी. पण ऐक. देऊळवाडीच्या बाबल्याने कौल मोडून घराचा पाया घातला होतान. वर्षाच्या आत त्याची वाचा गेली. अजून बसलेला असतो बघ, लाळ गळत."

नम्रताने तो बसलेला पाहिला होता. लहानपणापासून अशा गोष्टींवरच ती वाढली. माहेरही पलीकडच्याच गावातलं, तिथेही कौल होता. बारावीनंतर तिला शिकायचं होतं तेव्हाही कौल लावला होता. डावी पडली. ती रडली नाही. देवीला तिच्यापेक्षा जास्त कळतं, असं तिने स्वतःला समजावलं, आणि वीस वर्षं ते समजावणं टिकलं. मग गेल्या जूनमध्ये तिच्या सानवीला रत्नागिरीत नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा परशुरामाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या लेकीसाठी पाकळ्या लावल्या. डावी पडली. सानवी आता बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानात उभी असते आणि घरी आली की कोणाशी बोलत नाही.

नम्रता स्वयंपाकघरात गेली. ओट्याखाली कळशी होती. सकाळी कौलाला पाणी नेलेली तांब्याची कळशी. धुवायची म्हणून तिने ती उचलली आणि नकळत नाकाशी नेली.

वास होता. ब्लीचिंग पावडरचा, आणि त्याच्यामागे तापलेल्या प्लॅस्टिकचा.

हा वास तिला नवा नव्हता. गावात फक्त दोन माणसांना तो ठाऊक होता, ती आणि परशुराम. गावावरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, आप्पांची चिऱ्याची खाण सुरू झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात गावचा पऱ्या, म्हणजे ओढा, आटला, ते सगळ्यांनी पाहिलं. पण देवीची कुंडीही आटली, ते कोणाला माहीत नव्हतं. पावसाळ्यात तिच्यात लाल रबडी यायची, बाकीचे महिने नुसता ओला दगड, मग तोही सुका. पहिल्यांदा झाकण उचलून परशुरामाने ते पाहिलं तेव्हा तो तापाने फणफणला होता. गुरवाच्या हातून काहीतरी चुकलं म्हणूनच देवीने पाणी ओढून घेतलं, असं गाव म्हणणार. मग त्यांनी काय केलं? आप्पांचा खाणीवरचा टँकर 'देवीची सेवा' म्हणून देवळाच्या पिंपात पाणी सोडायचा, त्या पिंपातून नम्रता पहाटे कळशी भरायची, गाभाऱ्यामागे जायची आणि कुंडीतून भरल्यासारखी परत यायची. दोन वर्षं.

ग्रामसभेत तिने पऱ्याचा विषय काढला होता. आप्पा मोठ्याने हसले होते. "वयनी, पऱ्या काय मी खिशात घालून नेला? खाणीने पाणी आटलं असतं तर आधी देवीची कुंडी आटली असती. ती भरलेली आहे की नाय? तुम्हीच सांगा, तुमच्याच घरातली आहे ती."

उत्तर तिच्या जिभेवर होतं. ती खाली बसली. बायकासुद्धा हसल्या. त्या गप्प बसण्याचीच तिला एवढी लाज वाटली की आठवड्याने तिने जाऊन अर्ज भरला. समोर आप्पांची सून राही. बिनविरोध व्हायचं ठरलं होतं, ते हिने मोडलं.

आता कळशी हातात धरून तिच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो आला तशी ती देव्हाऱ्याकडे न बघता मागच्या दाराने अंगणात गेली. घरात असा विचार करायची तिला भीती वाटली. आप्पांनी प्रश्न घातला, आणि पाकळ्या भिजल्या त्या आप्पांच्याच पाण्यात. मग बोललं कोण?

परशुराम माडाला टेकून उभा होता. सदूची रिक्षा गडग्यापलीकडे धडधडत होती.

"चल गो," तो म्हणाला. "उशीर नको."

"अहो, आज पाणी कुठलं होतं?"

"गप."

"सानवीच्या वेळी कुठलं होतं?"

परशुरामाने इकडेतिकडे पाहिलं. त्याचं तोंड एकदम म्हाताऱ्या माणसासारखं झालं. "तुला काय वाटतं, मला झोप लागते? रोज पाकळी लावताना वाटतं, आता पाषाण फुटेल. आता माझी वाचा जाईल, बाबल्यासारखी. जात नाय. त्याचीच जास्त भीती वाटते."

"मग सांगून टाकूया."

"वेडी झालीस? दोन वर्षांत किती कौल दिले मी. शेलाराच्या पोरीचं लग्न मोडलं. नथूच्या आईचं ऑपरेशन पुढे ढकललं, ती गेली. लोक काय करतील आपलं? पूजा जाईल. वाळीत टाकतील. चूल पेटवायला कोणी आगपेटी द्यायचं नाय."

ते सगळं खरं होतं. नम्रताला त्यातलं एकही खोडता येईना. नथूच्या आईला तर ती विसरूनच गेली होती. ती आत गेली, नेसूचं बदललं, ओटीचं तबक घेतलं. खण, नारळ, तांदूळ. देवीची ओटी भरल्याशिवाय शुभ किंवा अशुभ, कुठल्याच कामाला निघायचं नाही. सोनूबाईंनी मान डोलावली. "शाणी झालीस."

देवळात माणसं अजून होती. प्रसादाचा शिरा वाटणं चाललं होतं. आप्पांनी जागा करून दिली. "या, या. परशुराम, गाऱ्हाणं घाल रे. म्हण, तुझ्या शब्दाप्रमाणे लेक माघार घेते, तिच्यावर नजर ठेव."

परशुराम हात जोडून उभा राहिला. "आई नवलाई..." म्हणाला आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "आई नवलाई..." आवाज फुटेना. मागे कोणीतरी म्हणालं, "काय रे, वाचा गेली काय?" आणि दोघं-तिघं हसले.

ती थट्टा ऐकली आणि नम्रताच्या अंगावर काटा आला. नवऱ्याच्या मानेची शीर ताठलेली तिला दिसत होती. अजून एक क्षण गेला तर हा इथेच कोसळेल असं तिला वाटलं. तबक तिने उंबऱ्यावर ठेवलं. बायका गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहून बोलत नाहीत. गाऱ्हाणं तर कोणीच बाई घालत नाही.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, इतका बारीक. "आई, मी काय विचारत नाय. मी सांगायला आलेय. तुझी कुंडी सुकलीय. दोन वर्षं झाली. आम्ही तुला टँकरचं पाणी घातलं, भ्यायलो म्हणून. गावाला फसवलं. आजचा कौल पण त्याच पाण्याचा. मी अर्ज मागे घेत नाय. तुला राग आला असेल तर माझ्यावर काढ. माझ्या पोरीवर नको, यांच्यावर नको."

शिऱ्याचा डाव पातेल्यात तसाच राहिला.

मग एकदम सगळे बोलायला लागले. "खोटं!" आप्पा ओरडले. "मतांसाठी देवीच्या नावाने खोटं!" नथू पुढे आला आणि काही न बोलता सरळ गाभाऱ्यामागे गेला. तिथे जायची मुभा नसताना गेला. झाकण सरकल्याचा घरघराट सगळ्यांनी ऐकला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातावर लाल धूळ होती. कोरडी. ती त्याने कोणाला दाखवली नाही, नुसता हात पुढे धरून उभा राहिला.

"परशुराम?" आप्पांनी विचारलं.

"व्हय," परशुराम म्हणाला.

"मग माझी आई..." एवढंच नथू म्हणाला आणि बाहेर निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दुसरा कौल लावा!" कोणीतरी म्हणालं.

"लावा की," पलीकडून शेलारांच्या म्हाताऱ्या काकू कडाडल्या. "पाणी कुठलं आणतोस? आप्पाच्या टँकरचं?"

त्यावर कोणी हसलं नाही. आप्पांनी देवळाची किल्ली मागितली. परशुरामाने करगोट्याला बांधलेली किल्ली सोडून दिली. "तीन वाजायचे आहेत अजून," आप्पा नम्रताला म्हणाले. आवाजात आता माया नव्हती. "विचार कर. उद्यापासून तुझ्या दारात कोण येतं ते बघ."

ती पायरीवर बसून राहिली. माणसं एकेक करून निघाली, तिच्या अंगाला पदर लागू नये अशी वाट काढत. सदू रिक्षा बंद करून बिडी ओढत थांबला. मग रिक्षा सुरू करून तोही गेला, तेव्हा तिला कळलं की वेळ टळून गेली. सही न करताच तिची उमेदवारी पक्की झाली. आनंद झाला नाही.

संध्याकाळी सानवी घरी आली. बाजारातच तिला सगळं कळलं होतं. चप्पल न काढता तिने दारातून विचारलं, "आई, म्हणजे माझा कौल पण त्याच पाण्याचा?"

"तुझा पण."

"आणि तुला माहीत होतं?"

"व्हय. पण ध्यानात आणायची भीती वाटली."

सानवी आत गेली आणि दार ओढून घेतलं. नम्रताने हाक मारली नाही. थोड्या वेळाने आतून फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "मॅडम, या वर्षीचे प्रवेश कधी चालू होतात?" सोनूबाईंनी ते ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा देवीकडे कौल न मागता नुसते हात जोडले.

दिवेलागणीची वेळ झाली. देऊळ काळोखात होतं. परशुराम अंगणात येरझाऱ्या घालत होता. इतक्या वर्षांत नवलाईपुढे दिवा लागला नाही अशी एकही संध्याकाळ गेली नव्हती. गडग्यापलीकडे माणसं जमल्याचं दिसत होतं, बॅटऱ्या हलत होत्या, पण देवळाच्या पायरीवर कोणी चढत नव्हतं. नम्रताने आतून कोयता आणून दाराआड ठेवला. ते आता घरावर येतील असं तिला वाटलं.

बॅटऱ्यांमधली एक सुटी झाली आणि घराकडे यायला लागली. दारात आली ती राही होती, आप्पांची सून. तिची प्रतिस्पर्धी.

"वयनी," ती म्हणाली आणि किल्ली पुढे केली. "मामंजींनी पाठवली. दिवा तुमीच लावा म्हणाले. तिथं कोणाची छाती होत नाय."

"त्यांची पण नाय?"

"दोनदा पायरीपर्यंत जाऊन आले." राहीने मागे वळून पाहिलं आणि आवाज उतरवला. "बाकीचं मतदानाला बघून घेऊ, असंही म्हणाले. मला सांगायला सांगितलंय, म्हणून सांगतेय."

नम्रताने परशुरामाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तिनेच किल्ली घेतली. फणसांखालून जाताना बॅटऱ्यांचे झोत तिच्या पायांवर पडत होते, आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. कुलूप काढताना किल्ली दोनदा चुकली. आत काळोख होता, शिळ्या शिऱ्याचा वास, आणि सकाळच्या पाकळ्या अजून पाषाणाच्या पायाशी सुकत पडलेल्या.

काडी पेटली. तिने वात पुढे केली, आणि देवीला काहीही न विचारता दिवा लावला.