पुढच्या सोमवारचा विषय

फळ्यावरच्या मार्करचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. बुऱ्हाणपूरजवळच्या कागद मिलमध्ये दर सोमवारी आम्हा खातेप्रमुखांची मीटिंग व्हायची. लवकर आटपावी म्हणून सगळे उभे. बसायचे फक्त नवे मॅनेजर. एका सोमवारी मी म्हणालो, "साहेब, बेअरिंग तापतंय, मशीन आजच थांबवू." त्यांनी फळ्यावरच्या विषयांच्या यादीकडे बोट दाखवलं. "लिस्ट में नहीं है. अगले सोमवार को रखो." गुरुवारी बेअरिंग गेलं, मिल बंद पडली. सोमवारी त्यांनीच मला विचारलं, "पहले क्यों नहीं बताया?" सगळ्यांनी ऐकलं होतं, सगळे बुटांकडे बघत राहिले. आता मीटिंग मी घेतो. फळ्यावरची पहिली ओळ आयत्या वेळच्या विषयासाठी कोरी ठेवतो. तेव्हा बुटांकडे बघणाऱ्यांतले दोघे अजून समोर असतात. त्यांना चहा मी विचारत नाही.