दोन्ही काठांची वायर

साधी गोष्ट समजावून सांगता सांगता समोरच्याला आधी येत होतं तेही विसरायला लावणारा माणूस सोलापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. मामांचा जन्म चादरीच्या कारखान्यात डिझाइनं करण्यात गेला. कारखाना बंद पडला तेव्हा मालकानं डिझाइनचा जुना कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकला. सगळं जग ज्या प्रणालीवर चालतं ती त्याच्यावर नाही, कुठली तरी तिसरीच आहे. ती कधी आजारी पडत नाही, असं मामा सांगतात. मात्र दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरशी ती बोलतही नाही, आणि हे बोलणं सुरू करणं हा मामांचा उद्योग. दिवाळीला मी फराळाचा डबा द्यायला गेलो आणि "बरं चाललंय ना?" एवढंच विचारलं. मामांनी सव्वा तास नेटवर्क समजावलं. प्रत्येक कॉम्प्युटरला घर नंबर असतो, नंबर बरोबर असून पोस्टमन फिरकत नाही, वगैरे. पोस्टमन वायरमध्ये असतो का, असं मी विचारलं, तर म्हणाले, पोस्टमन नसतोच. बाहेर आलो तेव्हा स्कूटर कुठं लावली ते मला आठवेना.

दर रविवारी जावयाचा मान म्हणून मला चहा मिळे आणि लगेच पुढच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसवलं जाई. मामा मागच्या खोलीत. ते एका वेळी एकच गोष्ट बदलत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिची नोंद करत आणि तिथून ओरडत, आलं का? मी म्हणे, नाही. असं दुपारपर्यंत. मामांच्या शेजारच्या वहिनींनी शेवटी माझ्या बायकोला विचारलं की तुमच्या मामांकडे एवढं कोण यायचंय.

यायचं होतं ते मामींचं डिझाइन. कागदावर काढणाऱ्या मामी पुढे याच कॉम्प्युटरवर शिकल्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. आजारपणाआधी काढलेला त्यांचा शेवटचा काठ फक्त त्यातच राहिला होता. फ्लॉपीचा खण मोडलेला, पेनड्राइव्ह लावायला जागाच नाही, म्हणजे वाट काय ती वायरचीच. त्यात आतली डिस्क जात्यासारखी घरघरायला लागलेली. "ती बंद पडली की संपलं, जावईबापू," मामा एकदा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी काहीच समजावलं नाही.

वायर मामा स्वतः बनवत. आत आठ रंगीत तारा असतात, त्या प्लगमध्ये ओळीनं बसवायच्या. एका रविवारी मला टेबलाखाली घालून त्यांनी वायरची दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण रंग दिसतात. मी विचारलं, "मामा, या टोकाला नारिंगी पहिला आहे, त्या टोकाला शेवटचा. असंच असतं का?"

"असंच असतंय की. दोन्ही काठांनी एकमेकांकडे बघायला पाहिजे," मामा म्हणाले, आणि वायर माझ्या हातातून ओढून घेतली. जन्मभर चादरीचे काठ जुळवलेल्या हातांनी वायरलाही काठ घातले होते. पहिली तार आठवीला जाऊन भिडत होती. कॅलेंडरवर सगळं बदलून झालं होतं, वायर सोडून. मामांनी एक टोक कापलं, रंग सरळ लावले आणि मागच्या खोलीतून विचारलं, आलं का? मी म्हटलं, आलं. 

लॅपटॉपवर मोरांची रांग उघडली. शेवटचा मोर मधोमध कापलेला. मी म्हटलं, अर्धंच आलंय, मामा.

"पुरं आलंय. ती अर्धंच काढायची. उरलेलं मी उलटून घ्यायचो."

एका बटणाचं काम होतं. मी म्हटलं, घ्या की मग उलटून. त्यांनी माउस हातात घेतला आणि परत ठेवला. "राहू दे," म्हणाले, "आज नको."

जुना कॉम्प्युटर नंतर बंदच पडला. मोर अजून अर्धाच आहे. रविवारी मामा मला काहीतरी नवीन समजावतात. कळत काहीच नाही, पण उठून जाववतही नाही.