देवीच्या दिव्याची तार

आज अष्टमी. सकाळी पाठ वाचताना तीनदा ओळ चुकली, कारण डोक्यात शालिकराम भाऊजी होते. एवढा राग घेऊन पुन्हा देवीपुढे बसवत नाही, म्हणून तो आधी इथे उतरवून ठेवते.

शालिकराम माझे धाकटे दीर. वाडीच्या ट्रक अड्ड्यावर वायरिंग करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माणूस कामाचा, पण तोंडाने मोठा. दुसऱ्याने जोडलेली तार दिसली की भर रस्त्यात ओरडणार, "हे कोण्या शहाण्यानं केलं गा?" भक्ती मात्र खरी. ट्रकच्या केबिनमध्ये देवाच्या फोटोपुढचा लाल दिवा ते कधी चावीवर ठेवत नाहीत, थेट बॅटरीवरून देतात. ड्रायव्हरने गाडी बंद केली म्हणून देवाने अंधारात बसायचं का, असं त्यांचं म्हणणं. ट्रक रोज पळतो, बॅटरी रोज भरते, म्हणून ते आजवर खपून गेलं.

सासूबाई, म्हणजे तुळसाबाई, दर नवरात्रात माहूरला जायच्या. आता आडवं झालं की त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं, आणि धर्मशाळेतली लाईट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून भाऊजींनी जीपमागे ओढायचं चाकांवरचं घर बनवलं. आत खाट, छतावर सोलरचं पॅनल, खाटेखाली दोन बॅटऱ्या आणि दाराजवळ बॅटरी किती उरली ते दाखवणारा मॉनिटर. आल्यागेल्या प्रत्येकाला तो आकडा दाखवून झाला. कोपऱ्यात रेणुकेचा फोटो. घटस्थापनेला त्यापुढे विजेचा अखंड दिवा लावला, वर बल्बांची माळ. तेव्हापासून ते घर आमच्या अंगणाकडेच्या गोदामाच्या टिनाखाली उभं होतं.

आज पहाटे निघायचं ठरलं होतं. काल जेवणं झाल्यावर मी हट्ट धरला, आधी आईंना आत निजवून पाहू. भाऊजी हसले, "वहिनी, नव्वद टक्के आहे. माहूर जाऊन वापस येऊ." आई झोपल्या, मी शेजारी वाती वळत बसले. थोड्या वेळाने मशीनने शिट्टी मारली आणि ते बंद पडलं. आईंचा हात खाटेची कड चाचपडत होता, ओठ काळपटले होते. मी त्यांना उठवून बसवलं आणि जोरात हाक मारली. आमच्या ह्यांनी गोदामातून घरच्या लाईटीच्या बोर्डाची वायर ओढत आणली, मशीन त्यावर लावलं, तेव्हा कुठे आईंचा श्वास जागेवर आला.

मॉनिटरवर अजून पंच्याऐंशी होते. रेणुकेपुढचा दिवा शांत जळत होता.

"मशीनच बेकार आहे," भाऊजी म्हणाले. "आकडा पाहा न!"

"मशीन बोर्डावर चालून राहिलं न? मग बेकार कसं? अन् मशीन बंद पडलं तरी हा दिवा कुठून जळून राहिला, ते सांगा."

ते खाटेखाली वाकले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यावरूनच मी समजले, चूक त्यांच्या तारेची आहे. बाहेर आल्यावर कारण त्यांच्याच तोंडून निघालं. बॅटरीच्या मायनसच्या तारेत शंट नावाची पट्टी असते. सगळी वीज तिच्यातून गेली तरच मॉनिटर बरोबर मोजतो, देवळाच्या दारात भाविक मोजणाऱ्या माणसासारखा. भाऊजींनी दिवा आणि माळ ट्रकच्या सवयीने थेट बॅटरीवर दिली होती, म्हणजे मागच्या दाराने. टिनाखाली पॅनलला ऊन नाही. दिवा आणि माळ रात्रंदिवस बॅटरी खात होते आणि मॉनिटरला त्याचा पत्ता नव्हता. उरलीसुरली वीज मशीनने ओढली आणि त्याला पुरेना तेव्हा ते बंद पडलं. दिव्याला लागते थेंबभर, तो जळतच राहिला.

"घरच्या मीटरवानी देवीचा दिवाही मोजू का मी?" भाऊजी उलट माझ्यावरच चढले. "पाप लागंल, वहिनी!"

"अन् आईले काही झालं असतं तर ते पाप कोणाले लागलं असतं?"

"जाऊ दे वं," हे म्हणाले. "त्यानं मन लावून केलं."

"मन लावलं, तार कुठं लावली?"

मी रोज पाठ करणारी बाई आहे, नवरात्राचे उपास करते. म्हणूनच चीड आली. आपल्या भक्तीपायी आईचा श्वास अडतो आणि वर देवीचं नाव पुढे करायचं? अशी भक्ती तिनेही ओवाळून टाकावी.

तेवढ्यात आई बोलल्या, धापा टाकत. "काहून रे शाल्या, देवी का चोरून जेवते? मोज तिचंबी."

मग भाऊजींनी तार हलवली. आदळआपट करत हलवली, पण शंटमधून जाईल अशी घेतली. बाकी सारं बंद असताना मॉनिटरवर आता बारीकसा खर्च दिसतो. तो देवीचा.

आईंना वाटलं, झालं, आता निघायचं. मी नाही म्हटलं. घर आधी उन्हात काढायचं, बॅटऱ्या पुऱ्या भरायच्या, मग एक अख्खी रात्र इथेच अंगणात झोपून पाहायचं, शेजारी बोर्ड ठेवून. ते पार पडलं तरच माहूर.

"नवरात्र चुकवलं तू माह्यं," आई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

आज घर उन्हात आहे. न विचारता भाऊजी दारातून आकडा ओरडून सांगतात आणि मला मीटरबाई म्हणतात. म्हणोत. माझा राग अजून गेलेला नाही. आईंनी माझ्या हातचा चहा घेतला नाही, माझ्या मुलाकडून मागवला. आतल्या खोलीत मशीन घरघरतं आहे आणि त्यावर आवाज चढवून त्या मला नावं ठेवताहेत. ठेवू देत. तेवढा दम छातीत आहे, ते ऐकून मी पुन्हा पाठाला बसते.