खुर्चीचा फोटो

वडवणीच्या बसस्टँडसमोर माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून इलियासचा फोटो स्टुडिओ. तीस वर्षं आम्ही एकाच गिऱ्हाइकावर जगलो. पत्रिका ठरली की मी इथूनच हाळी द्यायचो, "इलियास, तारीख लिहून ठेव बे," आणि माणूस माझ्या दुकानातून उतरून त्याच्या दुकानात चढायचा. आता पत्रिका मोबाइलवर जातात, आणि फोटो आपल्यालाही काढता येतो असं ज्याला त्याला वाटतं. पण माझं रडगाणं गायला मी बसलेलो नाही. इलियासचं सांगायचंय.

बुटका, पोट सुटलेला, खिशात कायम लेन्स पुसायचं फडकं. नारायणगडाच्या यात्रेत रंगवलेल्या पडद्यापुढं माणसं उभी करून त्यानं हा धंदा सुरू केला. स्वभाव तापट. नवरदेवाचे दोस्त मध्ये मध्ये आले तर भर मांडवात सुनवायचा. पण एक काम तो न चुकता करायचा आणि त्याबद्दल कुणापाशी बोलायचा नाही. लग्नघरी गेला की अक्षता पडायच्या आधी घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस हुडकायचा. उजेड बघून खुर्ची मांडायचा. "मावशी, जरा बसा बरं, कॅमेरा नीट चालतोय का बघायचंय," असं खोटंच सांगायचा. पदर सारखा करायला लावायचा, टोपी सरळ करायचा आणि त्या एकट्या माणसाचा एक फोटो काढायचा. तो अल्बममध्ये कधी लागायचा नाही. नुसता जपून ठेवलेला असायचा.

हे कशासाठी, ते कळायला मला दहा वर्षं लागली. कुणाच्या घरात कुणी गेलं की लोक पडलेल्या तोंडानं दुकानात यायचे. "इलियासभाई, आमच्या म्हाताऱ्याचा एखादा फोटो हाय का वो?" इलियास आत जायचा आणि हातात फोटो घेऊनच बाहेर यायचा. तेराव्याला हार घालायला आपल्या माणसाचा नीट चेहरा आहे, एवढ्यानंसुद्धा त्यांना धीर यायचा. आम्ही दोघं त्याला खुर्चीचा फोटो म्हणायचो. त्याचे पैसे त्यानं कधी लावले नाहीत.

सुंदरराव आमच्याकडचे बडे बागायतदार. त्यांचं लग्न इलियासनंच काढलं होतं आणि त्यात त्यांच्या वडलांचा खुर्चीचा फोटोही. दोन-तीन वर्षांत वडील गेले. तो फोटो बैठकीत लागला. सुंदररावांची आई केशरकाकू हुशार बाई. तिनं बरोबर ओळखलं, हा कॅमेरा तपासायचा फोटो नव्हता. बाजाराला आली की स्टुडिओच्या पायरीवर टेकायची आणि म्हणायची, "इलियास, माझा बी काढ बाबा तसाच. ह्यांच्या शेजारी लावाया."

"काकू, एवढ्यात कुठं निघालात? तेजश्रीच्या लग्नात काढू की."

तेजश्री म्हणजे सुंदररावांची लेक, तेव्हा रांगत होती. पुढं वीस-बावीस वर्षं काकू पायरीवर टेकली की त्याला आठवण द्यायची. तो हसून मान डोलवायचा.

मधल्या काळात गहिनीनाथ गुरुजी उगवले. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. शाळेत मास्तर, पगार चालू, हौसेनं भारीतला कॅमेरा घेतलेला. कपिलधारच्या धबधब्याचे फोटो काढून मोबाइलवर टाकायचे, लोक वाहवा करायचे. मग एका पाहुण्याचं लग्न फुकट काढलं, दुसऱ्याचं पाच हजारात, आणि बघता बघता पंधरा हजारात अख्खं लग्न पेनड्राइव्हमध्ये घालून द्यायला लागले. इलियासचा भाव पंचेचाळीस. त्यात जोडीचा माणूस आला, अल्बम आला, छपाई आली. मी गुरुजींना एकदा विचारलं, एवढ्यात परवडतं कसं? तर हसून म्हणाले, "मला कुठं परवडवायचंय मुंजाजी? माझी हौस हाय."

गुरुजींची हौस झाली आणि इलियासच्या वहीत त्या वर्षी चार लग्नं उरली.

त्यातलं एक तेजश्रीचं. तेही सरळ मिळालं नाही. सुंदरराव स्टुडिओत आले, पाय पसरून बसले आणि म्हणाले, "गुरुजी पंधरात करायला तयार हायेत. तू घरचा माणूस, तुला अठरा देतो. बघ."

इलियासनं खाली बघून होकार दिला. ते गेल्यावर माझ्याकडं येऊन बसला. घरात त्याच्या लेकीच्या, सहरच्या कॉलेजची फी भरायची होती, नाही म्हणायची सोय नव्हती. मला संताप आला. मी म्हणालो, "कावून एवढा मरायलास? अठराचं काम अठरासारखंच कर. सांगतेन तेवढंच काढ. ती फुकटाची खुर्ची बिर्ची पहिली बंद कर."

हा सल्ला माझा. इलियासच्या डोक्यात असलं काही येत नाही.

लग्नाला मीही होतो. इलियास एकटाच, जोडीला माणूस नाही, दोन कॅमेरे गळ्यात घेऊन घामाघूम पळत होता. गुरुजी पाहुणे म्हणून आले होते, पण त्यांच्याही गळ्यात कॅमेरा. लोक कौतुकानं त्यांनाच हाका मारत होते. इलियास बॅटरी बदलेपर्यंत गुरुजींचे फोटो लोकांच्या मोबाइलवर फिरायलाही लागले. इलियासचा चेहरा बघवत नव्हता.

आणि केशरकाकू. नवं इरकल लुगडं नेसून, केस नीट विंचरून, कार्यालयाच्या खिडकीपाशी तिनं स्वतःच खुर्ची ओढून घेतली. एवढ्या वर्षांत उजेड कुठून घ्यायचा तेही तिला कळलं असावं. गुडघ्यांवर हात ठेवून बसली आणि हाक मारली, "इलियास, बसले बघ रे मी."

"टाइम न्हाई काकू. जेवणं झाल्यावर बघू."

"बरं बरं. तुझं होऊ दी."

ती तशीच बसून राहिली. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. तो समोरून चार वेळा गेला, काकू दर वेळी पदर सारखा करायची. लेक सासरच्या वाटंला लागली तसा इलियासनं पिशवी भरली आणि मागच्या दारानं निघाला. गाडीवर माझ्या मागं बसला होता. म्हणाला, "अठरात खुर्ची बसत न्हाई मुंजाजी."

मी हसलो. शाब्बास म्हटल्यासारखा हसलो.

दसरा झाल्यावर केशरकाकू गेली. चार दिवस ताप, बस. ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सुंदरराव आणि तेजश्री स्टुडिओत आले. तेजश्रीचे डोळे सुजले होते. म्हणाली, "चाचा, आजीचा फोटो द्या. आजोबाच्या शेजारी लावायचाय. तुमी काढलाच असल."

इलियास आत गेला तो बाहेरच येईना. मी गेलो तर कंप्युटरपुढं बसून लग्नाचे फोटो एकामागून एक पुढं ढकलत होता. चौदाशे फोटो. एकात काकूची पाठ होती, एकात अक्षता टाकणारा हात, एकात कुणाच्या तरी फेट्यामागून निघालेलं अर्धं कपाळ. शेवटी सुंदररावांकडनं काकूचं आधार कार्ड घेऊन त्यावरचा फोटो मोठा करून पाहिला. तेजश्रीनं आत येऊन बघितला. "ही आजी न्हाई चाचा. ही कुणीबी म्हातारी हाय."

ही गोष्ट गुरुजींच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी सुंदरराव इलियासच्या दुकानात असतानाच ते आले. पैशाची गोष्टसुद्धा काढली नाही. "माझ्याकडं एक सापडला. चालतो का बघा. लई छान बसल्या होत्या, म्हणून सहज मारला."

कंप्युटरच्या पडद्यावर केशरकाकू आली. खिडकीपाशी, खुर्चीत, गुडघ्यांवर हात, चेहऱ्यावर नेमका पाहिजे तसा उजेड. एकाच गोष्टीची खोट होती. काकू कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. मान ताणून उजवीकडं कुणाची तरी वाट बघत होती.

"झकास हाय," सुंदरराव डोळे पुसत म्हणाले. "इलियास, तेवढे डोळे समोर कर. कंप्युटरवर होतंय म्हणं."

इलियासनं माउसवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

"न्हाई होत का?"

"होतंय दादा." त्यानं माउसवरचा हात काढला. "काकू माझ्याकडं बघायल्यात. मी येईन म्हणून बसल्या होत्या. मी मुद्दाम गेलो न्हाई."

मी तिथंच होतो. हे मी शिकवलं होतं, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी बोललो नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

सुंदरराव म्हणाले, "मला ठाव हाय. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली न्हाई. म्हणली, त्याच्या पोटावर पाय दिलास तू. त्यानं कशाला काढावा माझा फोटो."

इलियास तोंडावर फडकं धरून रडला. लेन्स पुसायचं फडकं. गुरुजी काही न कळून उभेच होते.

डोळे त्यानं फिरवले नाहीत. आहे तसाच छापला, नवऱ्याच्या फोटोएवढ्याच चौकटीत बसवला आणि घरी पोचवला. तेराव्याला आम्ही दोघं गेलो. बैठकीत दोन फोटो शेजारी शेजारी. आजोबा समोर बघतात. काकू दाराकडं बघते. येणारा माणूस हात जोडायचा आणि मागं वळून दारात कोण आलंय ते बघायचा.

इलियास आत आलाच नाही. चपला काढायच्या जागी उंबऱ्यापाशी उभा राहिला. काकूची नजर बरोबर तिथंच पडत होती. लोक बाजूनं आत-बाहेर करत होते, तो हलला नाही. मी त्याच्या शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. तो अगदी हळू म्हणाला, "काकू, हिकडं बघा."

मग त्यानं चपला पायात घातल्या आणि जेवायला न थांबता निघाला.