कॅनडाशी घासाघीस

पहिल्यांदा सांगितलेला भाव आयुष्यात एकदाही मान्य न केलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या करंजाड्याच्या इमारतीत माझ्या समोरच्या दारात राहत होता. भाजी-मासळीचं सोडा, तिथे आपण सगळेच शूर असतो. हा गडी जिथे भाव छापलेला असतो तिथेही भाव करायचा. फ्रिज घ्यायला गेला तेव्हा 'एकच दर' अशी पाटी लावलेल्या भिंतीलाच टेकून उभा राहिला, आणि तासाभराने फ्रिजबरोबर मिक्सर, दोन कॅलेंडरं आणि दुकानदाराच्या बसायच्या गादीवरची उशी घेऊन बाहेर पडला. दाताच्या डॉक्टरांनी एका दाढेचा खर्च सांगितला, तर "दोन केल्या तर काय लावाल?" म्हणून याने शेजारची धडधाकट दाढ पणाला लावली, बायकोने खुर्चीतून ओढून काढला म्हणून दाढ वाचली. एका ज्योतिषाने त्याला साडेसाती सुरू झाल्याचं सांगितलं. हा म्हणाला, "साडेसात वर्सं लय झाली, महाराज. पाच करा." महाराजांनी आधी शनिमाहात्म्य ऐकवलं, मग ग्रहांची दशा ऐकवली, शेवटी घाम पुसत सहावर आले आणि एक अंगठी फुकट दिली. हा सौदा शनीला कोणी कळवला की नाही, याची मला अजून शंका आहे.

हे शिक्षण त्याला आईकडून मिळालेलं. त्याची आई उरणकडच्या खाडीकाठच्या गावातून रोज पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसते. तिच्यासमोर मी चौतीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलेला माणूस दोन मिनिटांत 'बरं, द्या' म्हणून मोकळा होतो, आणि ती माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तशी बघते. मुलाने मासळी सोडून बंदरात कंटेनर उचलणारी क्रेन चालवायला घेतली, पण भाव करायचं सोडलं नाही. तीस-चाळीस मीटर उंचीवरच्या काचेच्या खोलीत बसून तो खालच्या मुकादमाशी वॉकीटॉकीवर जेवणाच्या सुट्टीची मिनिटं वाढवून घ्यायचा.

तर अशा या माणसाला कॅनडातल्या एका बंदरात नोकरी मिळाली. इथल्या ठेकेदाराचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं, मुलगी आठवीत होती आणि हप्ते काही थांबणार नव्हते. म्हणजे ही नोकरी हातची गेली असती तर घर बसलं असतं. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली आणि चार दिवसांनी कंपनीच्या एचआरच्या बाईंची मेल आली, की सहकुटुंब इकडे येण्यासाठी कंपनीकडून काय काय मदत लागेल ते कळवा. हा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. चेहऱ्यावर दिवाळी.

"सर, इंग्लिश तुमचं, भाव माजा. लिवा."

मी लिहायला बसलो. त्याला खरी गरज होती ती तीन तिकिटांची, पहिला महिनाभर राहायच्या सोयीची आणि एका टेम्पोत मावेल एवढं सामान पोचवायची. त्याने सांगायला सुरुवात केली: तिकिटं सहा. घर तीन महिने. सामानाला आख्खा कंटेनर. थंडीचे कोट माणशी दोन. मुलीच्या शाळेची फी. सुक्या मासळीसाठी वेगळा डीप फ्रीझर. आणि आईला वर्षातून एकदा जायचं-यायचं तिकीट, खिडकीजवळचं. मी पेन खाली ठेवून म्हटलं, "अरे, ते नोकरीच काढून घेतील!" तो शांतपणे म्हणाला, "सर, ह्ये सगलं कापाला ठेवलंय. त्या बाईला कापाला कायतरी नको? तिलापन घरी जाऊन सांगाला पायजे, आज मी कसा भाव पाडला ते." एवढ्या उदार विचारापुढे माझं काय चालणार? मी सगळं शुद्ध इंग्रजीत लिहून दिलं. लिहिताना माझे कान तापले होते.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. आपल्या सर्व मागण्या मान्य आहेत, आपलं स्वागत आहे. मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि पेढ्यांची वाट बघू लागलो. तो मात्र मटकन सोफ्यावर बसला.

"परत वाचा, सर."

मी परत वाचलं.

"खिडकीसकट?"

"खिडकीसकट."

"म्हंजे माल नासका हाय," तो म्हणाला. "बंदर बुडतंय नायतर क्रेन मोडकी हाय. सर, ज्याला खरंच घ्याचं असतं तो भाव करतो. एका बोलात हो म्हननारं गिऱ्हाईक कदी परत येत नाय, आयेला इचारा." त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कॅनडाच्या नकाशात ते बंदर शोधून काढलं आणि समुद्र त्याच्या फार जवळ आहे अशी तक्रार केली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "नाय म्हनून कलवा." त्याची बायको, जिने शेजारणींना सांगून झालं होतं आणि बॅगाही आणल्या होत्या, माझ्या स्वयंपाकघरात येऊन डोळ्यांना पदर लावून बसली. "सर, आता तुमीच कायतरी करा."

मग मी त्याच्या नकळत त्या एचआरच्या बाईंना माझ्या आयुष्यातली सर्वांत लाजिरवाणी मेल लिहिली. मी या गृहस्थांचा शेजारी; ते अत्यंत कुशल आणि सज्जन आहेत; परंतु आपण त्यांचं सगळं मान्य केल्यामुळे त्यांचं मन दुखावलं आहे; तरी कृपा करून त्यांची एखादी तरी मागणी नाकारावी. मेल पाठवली आणि दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडून बघत बसलो. माझ्या आगाऊपणामुळे त्याची नोकरी गेली, तर त्याच्या बायकोसमोर मी कोणत्या तोंडाने दार उघडणार होतो?

पण त्या एचआरच्या बाई थोर निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्याला मेल आली: फेरविचार करता आख्खा कंटेनर देणं शक्य दिसत नाही, अर्धा चालेल का? हा जिन्यातून ओरडतच आला. "बघितलं? आली ना लायनीवर!" मी लगेच उत्तर लिहायला घेतलं तर माझा हात धरला. "आता दोन दिस गप बसाचं. बाजारात आपन दहा पावलं चालून जातो ना, तसं. हाक ती मारंल." खरंच तिने हाक मारली. मग पाऊण कंटेनर, मग सहाची चार तिकिटं, मग फ्रीझरऐवजी फ्रीझरचे पैसे, असा आठवडाभर धुमाकूळ चालला. मधल्या काळात बाईही चढेल झाल्या; एका मेलमध्ये त्यांनीच कोट दोनाचा एक केला आणि मुलीला बर्फातले बूट दिले. शेवटी सौदा ठरला तेव्हा त्याला आधी मिळत होतं त्याच्या निम्मं मिळालं होतं, आणि तो घरोघर पेढे वाटत होता. आईचं खिडकीजवळचं तिकीट मात्र त्याने कापू दिलं नाही. त्या तिकिटावर भाव चालू आहे असं दिसताच तो मला म्हणाला, "त्यो आकडा पुसा, सर. तो विकाचा नाय."

आईने ते तिकीट ऐकलं आणि "मी माजा धंदा टाकून कुटं बर्फात बसू?" म्हणून विषय संपवला.

निघायच्या दिवशी दुपारी ती बाजारातली जागा शेजारणीवर सोपवून आली. पाटीत सुके बोंबील, कागदात गुंडाळून. सामान गाडीत चढलं, मुलगी रडून झाली, बायको आत बसली. तो आईच्या पाया पडला तेव्हा तिने विचारलं,

"किती वर्सं?"

"चार. तसं लिवून दिलंय."

"दोन," ती म्हणाली.

आम्ही सगळे थांबलो. ड्रायव्हरनेसुद्धा मान वळवली. फाटकाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आता हा साडेतीन म्हणणार, ती अडीच म्हणणार, आणि विमान चुकायची वेळ येईल. मला तर हसूही येऊ लागलं होतं.

त्याने पाटीतलं बोंबलांचं पुडकं उचलून पिशवीत घातलं. मग म्हणाला, "बरं, आये. दोन." आणि गाडीत बसून त्याने दार ओढून घेतलं.

गाडी निघाली. आई जागची हलली नाही. मी जवळ जाऊन काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मावशी, बघा, तुमचं ऐकलं त्याने. दोन वर्षं काय, अशी जातील."

"सर," रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "साडेतीन बोल्ला असता तर आला असता."

मीच त्याला इंग्रजी पुरवलं होतं, आणि त्या घटकेला मला ते सगळं परत घ्यावंसं वाटत होतं. गाडी चौकातून विमानतळाच्या रस्त्याला वळली, आणि त्याची आई रिकामी पाटी काखेत घेऊन बाजाराकडे चालू लागली.